शंभर तासांनी उघडणारा आवाज

१५ डिसेंबर १९९६, रविवार, सकाळी ९

डबा आला. माझा धाकटा भाऊ दिनकर याने सिंगापूरहून लखनौला ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला. पूर्ण नाव डिजिटल-टू-अॅनालॉग कन्व्हर्टर. जाणकार डॅक म्हणतात, म्हणून आजपासून मीही म्हणणार. सीडीवर नुसते आकडे असतात, त्यांचा आवाज करायचं काम याचं. सीडी प्लेअरच्या पोटात तसं एक यंत्र असतंच, पण तो कारकून. हा अधिकारी. बँकेत बावीस वर्षं काढल्यावर हा फरक मला कुणी समजावून सांगायला नको.

सानिका म्हणाली, पापा, ये तो रेवड़ी का डिब्बा लग रहा है. घरातला रेवडीचा पत्र्याचा डबा शेजारी ठेवून पाहिला. आकार तोच निघाला. म्हणून काय झालं!

दिनकरची चिठ्ठी : सतत चालू ठेव, गरम राहू दे, शंभर तासांनी आवाज उघडेल.

संकल्प : रोज एक तास मौन राखून श्रवण. ज्या समाजाचे कान मेले तो समाज मेला.

त्याच दिवशी, १०.३०

मौन पार पडलं. मध्ये सौ. विभाला आणि सानिकाला श्रवणाचं महत्त्व सांगावं लागलं, त्यात पन्नास मिनिटं गेली. उरलेल्या दहा मिनिटांत सतार ऐकली. जमीन-अस्मानाचा फरक. विभाला काय वाटलं ते विचारलं. म्हणाली, आवाज मोठा केलाय का?

१८ डिसेंबर

तंबोऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या उभ्या दिसतात. गायिका श्वास घेते तो ऐकू येतो. डावीकडून घेते.

विभाला तो ऐकू आला नाही. कुकरची शिटी मात्र दोन खोल्यांपलीकडून येते.

२१ डिसेंबर

कडाक्याची थंडी. तीन दिवस दही लागलेलं नाही. विभा म्हणाली, अहो, तुमचा तो डबा रात्रंदिवस गरम असतो, विरजणाचं पातेलं त्यावर ठेवू का?

मी उभाच राहिलो. ज्यांनी ज्ञानाची साधनं ओट्यावर नेली त्या संस्कृतींचं पुढे काय झालं, ते दाखले देऊन सांगितलं. वीस मिनिटं. विभाने स्वेटरची बाही विणता विणता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे नाही ना?

विजय.

२३ डिसेंबर

उद्यापासून फैजाबादच्या शाखेची तपासणी. शनिवारी परत. विभाला बजावलं की डबा बंद करायचा नाही. ती म्हणाली, एक मिनिटही बंद होणार नाही, निश्चिंत जा. या विषयात तिला प्रथमच गोडी लागलेली दिसते. वीस मिनिटं वाया गेली नाहीत तर.

२९ डिसेंबर, रविवार

डब्यावर विभाने लखनवी चिकनच्या भरतकामाचं पांढरं कव्हर घातलंय. म्हणाली, धूळ बसते, काढू नका. शहाणी बाई. सानिका रसायनशास्त्राचं पुस्तक तोंडासमोर धरून हसत होती. बारावीच्या रसायनात हसण्यासारखं काय असतं कोण जाणे.

ऐकायला बसलो. शंभर तास केव्हाच भरलेत. आवाज उघडला! पंधरा तारखेचा आवाज आता रांगणारा वाटतो. सतारीच्या मागे खोली तयार झाली आहे, खोलीला भिंत आहे, भिंतीला ओल आहे. दिनकरला चार पानी पत्र लिहिलं.

जेवणात दही सुरीने कापावं असं. थंडी ओसरली असावी.

३० डिसेंबर

धुक्यात स्कूटर दुभाजकावर चढली. थंडी ओसरलेली नाही.

५ जानेवारी १९९७, रविवार

महाराष्ट्र मंडळाची सभा. सव्वीस जानेवारीचं भाषण अकरा वर्षं माझ्याकडे आहे. यंदाचा विषय मी 'श्रवण हीच क्रांती' असा जाहीर केला आणि ओघात डॅकविषयी चार शब्द बोललो. संशोधन संस्थेतले लक्ष्मीकांत उठले. हा माणूस आयुष्यभर उंदरांना सुया टोचत आलाय. म्हणाले, मधुसूदनराव, आकडे ते आकडे. तुमच्या डब्याने शून्याचं सव्वाशून्य होतं का?

लोक हसले. हसणाऱ्यांची नावं लक्षात ठेवली आहेत.

मी सांगितलं : माझे डोळे बांधा. दहा वेळा डबा जोडा किंवा काढा. दहापैकी आठ ओळखले नाहीत तर सव्वीस जानेवारीला माझ्या जागी तुम्ही बोला! टाळ्या पडल्या. अध्यक्ष अरुणाताईंनी ते इतिवृत्तात लिहूनही घेतलं. इतक्या तत्परतेने त्यांनी माझं कुठलंच वाक्य आजवर लिहून घेतलेलं नाही.

परीक्षा एकोणीस तारखेला, आमच्या घरी.

९ जानेवारी

सरावाची गरज नाही. तरी सराव करणार.

सानिकाला म्हटलं, परीक्षेच्या दिवशी वायरी तू बदलायच्या. म्हणाली, पापा, मत करो ना यार, हार जाओगे. बापाला यार! लखनौने मुलीची मराठी नेली, आता श्रद्धाही नेली.

१२ जानेवारी

सराव राहिला. भाषणाचा मसुदा मात्र बत्तीस पानं झाला.

१४ जानेवारी, संक्रांत

विभा तिळगूळ हातावर ठेवून म्हणाली, अहो, डब्याबद्दल तुम्हाला एक सांगायचंय. मी म्हणालो, एकोणीस तारखेनंतर. सध्या कान कुठल्याही मताने विटाळायचे नाहीत. ती म्हणाली, बघा हं, मी सांगत होते.

किती साधी आहे! तिलाही आता फरक कळू लागला असणार आणि ते कबूल करायचं असणार.

१९ जानेवारी, रविवार, दुपार

लिहायचं नव्हतं. पण इतिहासासाठी लिहितो.

लक्ष्मीकांत, अरुणाताई आणि मंडळाचे आणखी सहा जण वेळेवर आले. विभाने दहीवडे दिले. सगळे दह्याबद्दलच बोलत होते, त्यामुळे वातावरणाला गांभीर्य यायला वेळ लागला. मग मी उभा राहिलो. एकोणतीस डिसेंबरपासून या घरात जो आवाज नांदतो आहे त्याचं वर्णन केलं. खोली, भिंत, ओल, सगळं. शेवटी म्हणालो, आणि हा चमत्कार करणारा तो हा! आणि चिकनचं कव्हर एका झटक्यात ओढलं.

रेवडीचा डबा.

लक्ष्मीकांतांनी झाकण उघडलं, एक रेवडी तोंडात टाकली, चावली. म्हणाले, कुरकुरीत आहे. वरचे सूर छान लागलेत.

विभा दारात येऊन म्हणाली, घाबरू नका, डबा ओट्यावर आहे. एक मिनिटही बंद केलेला नाही. थांबा, दही उतरवते आणि आणते.

तुम्ही फैजाबादला निघालात त्याच दिवशी नेला, हेही तिने सांगितलं. जुन्या वायरी सानिकाने जोडल्या. म्हणजे तीन आठवडे मी कारकुनाचा आवाज ऐकत होतो.

मी म्हणालो, परीक्षा होणारच. शब्द तो शब्द. डोळे बांधले. अधिकारी, कारकून, कारकून, अधिकारी, पूर्ण आत्मविश्वासाने सांगत गेलो.

दहापैकी चार.

लक्ष्मीकांत म्हणाले, नुसतं नाणं उडवलं असतं तरी पाच आले असते, मधुसूदनराव.

२० जानेवारी

कारणं : (१) लाइटचा व्होल्टेज. (२) डब्याला फोडणीचा वास. (३) पट्टी म्हणून विभाचा मफलर होता, त्याने कानही झाकले.

डबा पुन्हा जागेवर आणला.

२२ जानेवारी

दही लागलं नाही.

२४ जानेवारी

आजही नाही. दोघी पातळ दही वाढतात आणि माझ्याकडे बघतात.

संध्याकाळी डबा मीच ओट्यावर नेऊन ठेवला. येऊन सतार लावली. खोटं कशाला लिहू, छान वाजत होती.

२६ जानेवारी, रविवार

लक्ष्मीकांत बोलले. बारा मिनिटं. विषय : उंदीर. भाषण संपल्याचं माझ्या लक्षातच आलं नाही, टाळ्यांमुळे कळलं. अकरा वर्षांत प्रथमच शेवटपर्यंत एकही खुर्ची रिकामी झाली नाही. चहासुद्धा गरम मिळाला.

मी तिसऱ्या रांगेत होतो. समोरच्या टोपीमुळे काही दिसत नव्हतं. इथून मी कसा ऐकू येत असेन, हे यापूर्वी कधी मनात आलं नव्हतं.

चहाच्या वेळी चार बायका विभाला गाठून विचारत होत्या की तो डबा कुठे मिळतो. अरुणाताईंनी तर वहीत त्याचं नाव लिहून घेतलं. माझ्या कुठल्याही भाषणानंतर कुणी काही विचारायला आलं नव्हतं.

घरी येऊन दिनकरला पत्र लिहिलं. आणखी चार पाठव. या वेळी अर्धं पान पुरलं. आवाजाबद्दल काही लिहिलं नाही.