आबांनी माझ्यावर सोडलं

७ जाने.
वारा जास्त, क्रेन बंद. चौथा दिवस. पवनचक्कीचं पातं जमिनीवर पडून, आमी पत्र्याच्या खोलीत. काम न्हाई तरी सुट्टी न्हाई. सुपरवायझर म्हणतो, वारा कधीबी पडेल, कच्छ सोडायचं नाही.
मार्गासनीला घरी फोन, वडलांना. आबांचा आवाज दिवाळीपासनं बसलाय, आज नुसती फुसफुस. बिडी चालूच. दिवाळीत मी हसलो हुतो, आबा, तुमचा रेडिओ बिघडला.

१० जाने.
ताई सासरहून, सारोळ्याहून आली. आबांना पुण्याला नेलं. डॉक्टरनं दुर्बीण घातली. आवाज निघतो तिथंच गाठ. तुकडा काढून तपासायचा म्हणल्यावर आबा उठले ते सरळ एसटीत. हे खूळ नानाचं, आमच्या चुलत्याचं. "गाठीला लोखंड लागलं की पसरतं."
मलाबी खरं वाटलं. ताईला म्हणलं, मग नको. ती रडली.

१३ जाने.
वा. जा. क्रे. बं.
जवळच्या गावात दवाखाना हाय. माझाच घसा दुखतो म्हणून गेलो आन मोडक्या हिंदीत आबांचं विचारलं. डॉक्टरीणबाई हसल्या न्हाईत. म्हणाल्या, तुकडा काढल्यानं पसरत नाही, थांबल्यानं पसरतं. आवाज तीन आठवडे बसला की दाखवायचं.
आमी तीन महिने
बाहेर येऊन लगेच फोन. आबा म्हणले, "तू व्हय म्हणतूस?" म्हणलं, व्हय.

२२ जाने.
कॅन्सरच.
नाना म्हणला, "घ्या! काढा अजून तुकडं." मी फोन कट केला. तुकड्यानं न्हाई झालं, आधीच हुतं. मला माहीत हाय. तरी.

२५ जाने.
लवकर आले असते तर नुसत्या शेकावर भागलं असतं म्हणे, किरणांच्या. आता स्वरयंत्रच काढायचं. गळ्याला भोक, श्वास तिथनं. नंतर यंत्र लावून बोलायला शिकवतात.
आबा म्हणले, "यंत्रातनं हाळी मारल्यावर म्हस येईल व्हय रं?" आन हसले. हसू ऐकायला आलं न्हाई, खोकलाच.
त्यांना लिहिता येत न्हाई. मला येतं ते हे असं. आमच्यात फोन सोडून काय हाय?

२८ जाने.
वा. जा.
सुपरवायझरकडं सुट्टी मागितली. "गेलास तर गेलास. परत गेटात घेणार नाही."
चिडलो लई. मग पडल्या पडल्या आलं मनात, गेलो तर आबांच्या तोंडाकडं बघून सांगावं लागंल, आवाज काढून टाका म्हणून. त्यापायी तर बसलो न्हाई ना हितं?

३० जाने.
आबांचा फोन. "सोमवारी डॉक्टरला कळवायचं हाय. ताई कर म्हणती, नाना नगं म्हणतो. तू सांगशील ते."
म्हणलं, तुमचं काय?
"माझं काय. मागच्या खेपंलाबी तूच सांगितलंस न्हवं?"
उद्या सांगतो म्हणलं. उद्या का म्हणलं कुणास ठाऊक.

१ फेब्रु., रवि.
काल फोन केला न्हाई.
आज वारा पडला. सकाळपासनं पातं चढवतोय, मोबाईल गेटावर जमा. दुपारी जेवायला सोडलं, तसा पळत जाऊन घेतला. आबांनीच उचलला. मी व्हय म्हणायचं ठरवूनच लावला हुता.
"आबा, मी काय म्हणतो"
"थांब. लगीच सांगू नगं. जेवलास का?"
जेवलो म्हणलं. जेवलो न्हवतो.
"काय हुतं जेवायला?"
मग भाकरी मिळती का, थंडी किती, चादर हाय का. एकेक शब्द ओढून काढत हुते, पण थांबंनात. शिट्टी झाली. सुपरवायझर हात करत हुता. मी फोन ठेवला न्हाई.