बाबा असे हरत नसत

प्रिय ठोंब्या,

पाहिला एकदाचा तू लिहिलेला सिनेमा. बाबांना घेऊन शनिवारी दुपारच्या खेळाला गेले होते. तू फोनवर सारखं विचारत होतास, "ताई, कसा वाटला?" आणि मी दरवेळी "नंतर बोलू" म्हणून टाळत होते, कारण बोलायला लागले असते तर ओरडलेच असते. कागदावर ओरडलं तर निदान शेजारी गोळा होत नाहीत.

आधी मला हे सांग, बाबांचा आर्किटेक्ट कशाला केलास? कानामागे खडू खोचून मशीनवर वाकलेला शिंपी जुगारी शोभत नाही का? बरं, केलास तर केलास. पण तो हरला की पेले काय फोडतो, गच्चीच्या कठड्यावर काय उभा राहतो, मागे ते व्हायोलिन काय रडतं! अरे, बाबांनी उभ्या जन्मात साधी बशी फोडली नाही. हरून आले की इतके गोड वागायचे की बघवायचं नाही. आपल्या वह्यांना कव्हरं घालून द्यायचे, आईला म्हणायचे, "तू बस गं, भांडी मी घासतो." धडकी भरायची ती ते जिंकल्यावर. जिन्यातूनच हाका मारत यायचे, हातात पिशव्या, माझ्यासाठी लाल बूट, तुझ्यासाठी चावीचं विमान. ते बूट बघून आई ताटावरून उठली होती. जिंकलेला माणूस उद्या दुप्पट लावायला जाणार, हे तिला पक्कं माहीत होतं. आठवडाभरात ते बूट दुकानात परत गेलेही. तुझ्या सिनेमात या भीतीचा मागमूस नाही. तू तर त्याच्या जिंकण्यावर नाचगाणं घातलंयस. कपाळाला हात लावला मी.

आणि आई? ती आता भांडायला येणार नाही म्हणून तिला खिडकीला डोकं टेकून मुसमुसत बसवलंस? आपली आई! एका गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या कोटाचं कापड बाबांनी गहाण टाकलं, तेव्हा ती मला घेऊन तडक क्लबात गेली होती. तू तेव्हा पाळण्यात होतास, पण ही गोष्ट माझ्याकडून शंभरदा ऐकलीयस. पत्त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. बाबा मान वर करेनात. तेव्हा तिनं पर्समधून टेप काढली आणि बाबांच्या शेजारच्या जाड्याला म्हणाली, "उठा जरा, आलेच आहे तर पँटचं माप घेते. यांच्या भरवशावर बसले तर दुकानाला टाळं लागेल." आख्खं टेबल हसलं, बाबा सोडून. दोन पँटींचं काम घेऊन ती बाहेर पडली. कोपऱ्यावर वळल्यावर मात्र थांबली आणि मला म्हणाली, "मापं आठवतायत का गं तुला? मला एकही आकडा आठवत नाही." एवढं हाताशी असताना तुला ती खिडकी सुचली!

शेवटाबद्दल तर बोलायलाच नको. नायक समुद्रात पत्ते भिरकावतो, पोराला मिठी मारतो, संपलं. अरे शहाण्या, पत्ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. फेकून भागत असतं तर आईनं केव्हाच भागवलं असतं. क्लब बंद पडून तिथे दातांचा दवाखाना आला, तेव्हा आपल्याला वाटलं, सुटलो. बाबांनी पंधरवड्यात दुसरा क्लब शोधला. पुढे ते जुगार सोडू पाहणाऱ्यांच्या त्या रविवारच्या बैठकीला जायला लागले, तेही "एका मित्राला सोबत म्हणून जातो" असं वर्षभर सांगत. अजून जातात. आधी जाऊन खुर्च्या मांडतात. "खेळ सुटला" असं त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही. "आज खेळलो नाही," एवढंच म्हणतात.

मध्यंतरात मी विचारलं, "बाबा, कसं वाटतंय?" तर मोठ्यानं म्हणाले, "हा बोलतो फार. पत्ते हातात असताना एवढं बोलतं का कुणी?" पुढच्या रांगेतल्या बाई वळून बघायला लागल्या. मला हसू आवरेना. म्हटलं, चला, लागलं नाही यांना मनाला.

मग उत्तरार्धात तो प्रसंग आला. नायक बाथरूमची कडी लावतो, नळ सोडतो आणि खाली बसून फोनवर पैसे लावतो. फोनचा आवाज बंद, नुसता अंगठा हलतो. बाहेरून बायको हाक मारते. तो हसऱ्या आवाजात "आलोच!" म्हणतो, पण चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. मग तोंडावर पाणी मारतो आणि बाहेर पडण्याआधी उगाचच फ्लश ओढतो. इथे व्हायोलिन नव्हतं. आख्ख्या सिनेमात तेवढं खरं होतं. बाबांचा लाह्यांच्या पुड्यातला हात तिथल्या तिथे थांबला, तो शेवटपर्यंत.

बसस्टॉपवर ते म्हणाले, "हे त्यानं माझ्यावरून नाही लिहिलेलं." खरंच आहे. त्यांच्याकडे अजून बटणांचा फोन आहे, त्यावर त्यांना धड मेसेज वाचता येत नाही. मी सारवासारव केली, "लेखक माणूस आहे, चार जणांना विचारून लिहिलं असेल." बाबा म्हणाले, "विचारून फोन कळतो. तो फ्लश कुणी सांगत नाही." आणि ठोंब्या, मला तुझ्या भाचीचा वाढदिवस आठवला. केक कापायला सगळे खोळंबले होते आणि तू आमच्या बाथरूममध्ये, नळ सोडून. एकदा नाही, तीनदा. मी खुळी, तुझं पोट बिघडलं समजून तुला गोळी दिली आणि तू ती हसत हसत गिळलीसही. म्हणून हे पत्र. सिनेमावरचा राग खरा आहे, तो आपण नंतर निवांत भांडू. येत्या रविवारी बाबा बैठक चुकवणार आहेत. सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. पैसे आणणार नाही, मागू नकोस. बाबा उपदेशही करणार नाहीत. "नुसता त्याच्याशेजारी बसेन," म्हणाले. तू फक्त घरी राहा. आणि थापा मारायच्याच असतील तर आम्ही यायच्या आधी फोन करून मला मार. बाबांसमोर नको. त्यांना त्या सगळ्या तोंडपाठ आहेत.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ताई