तपासणीसाठी आणलेले बोंडू

अण्णा, काल बाजारात एका बाईच्या टोपलीत काजूचे बोंडू दिसले आणि मी भररस्त्यात तुमच्याशी मनातल्या मनात भांडायला लागले. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, तरी तुमच्यावर ओरडायची माझी हौस फिटलेली नाही.

नौपाड्यातल्या आपल्या दोन खोल्यांत फळ आधी ओळखायचं आणि मग खायचं, असा तुमचा कायदा होता. शाळेत तुम्ही शास्त्र शिकवायचात, आणि घरी आलात तरी शाळा सुटायची नाही. केळं हातात घेतलं की ‘मृदुफळ’ म्हणायचं, आंबा घेतला की ‘आठळीचं फळ’, फणसाचा गरा उचलला की ‘पुष्कळ फुलांचं मिळून झालेलं एक फळ’. चुकलं की थोबाडीत. एकदा आई टोमॅटोला भाजी म्हणाली, तर तुम्ही आमटीची वाटी तिच्या अंगावर भिरकावलीत. गरम होती हो ती आमटी. तिच्या गळ्याखाली डाग कायमचा राहिला.

देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाली होती. मी सातवीत, तुमच्याच वर्गात. शाळेची तपासणी होणार होती आणि साहेबांपुढे धडा घ्यायला तुम्ही गावाहून सहा बोंडू मागवले होते, खाली काजू लोंबत असलेले, पिवळेधमक. कोणी हात लावायचा नाही असं बजावून ते फडताळात ठेवलेत. पण बोंडू दिसला की काजू पिळून काढायचा, ही आम्हा कोकणातल्या पोरांच्या हाताची सवय. तुम्ही शिकवणीला गेलात, आई नळावर गेली, आणि मी सहाही काजू पिळले, विळीवर चिरले नि आतले ओले गर खाऊन टाकले. तपासणीला उरले नुसते बोंडू, म्हणजे तुमच्या शास्त्राप्रमाणे नुसते फुगलेले देठ.

आईने माझी चिकाने काळी झालेली बोटं पाहिली. “अगो, काय केलंस हे?” एवढंच म्हणाली. माझ्या बोटांना खोबरेल लावून ती राखेने घासली, आणि मग टरफलं स्वतःच्या उजव्या मुठीत धरून चुरडली. काजूचा चीक कातडी जाळतो हे तिला पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

तुम्ही येता, फडताळ उघडता. “कोणी?”

“मी. उसळ करावी म्हटलं.”

“हात बघू.”

ती हात पुढे करते. तुम्ही टेबलावरचा रूळ उचलता. पहिला फटका तळव्यावर, मग मनगटावर, मग पुन्हा मनगटावरच, आणि वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज होतो. रूळ धड आहे. आई खाली बसते. “खरं फळ कोणतं तेवढी अक्कल नाही आणि संसार करतेय!” तुम्ही ओरडताय. मी दाराआड उभी आहे. ‘मी चिरले’ एवढं म्हणायचं होतं. आई माझ्याकडे बघून मान हलवते, नको म्हणून. हाडवैद्याने पट्ट्या बांधल्या, पण मनगट वाकडंच बसलं. तिला पुढे धड पोळी लाटता आली नाही, आणि तुम्ही त्यावरूनही तिला बोललात.

दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब मागच्या बाकावर बसले. तुम्ही फळ्यावर खडूने बोंडूसकट काजू काढलात आणि यातलं खरं फळ कोणतं, म्हणून विचारलंत. सगळा वर्ग बोंडू म्हणाला. मी उभी राहिले. बोंडू हा फुगलेला देठ, खाली लोंबतं ते खरं फळ, आणि बी त्याच्या आत. साहेब ‘शाबास’ म्हणाले, आणि तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. त्याआधी कधी ठेवला नव्हता, नंतरही नाही.

तुमचा राग मी जन्मभर केला आणि तो खरा आहे. पण हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते. तो हात डोक्यावर असताना मला आई आठवलीसुद्धा नाही. मी धावत घरी गेले, “आई, अण्णांनी मला शाबासकी दिली!” म्हणत तिचा हात ओढला, आणि ती किंचाळली तेव्हा मला कळलं, मी कोणता हात धरला होता.