जोडाखालच्या सहा बल्ल्या

मी, लोकेश योगराज पुस्तोडे, वय २८, धंदा घरबांधणीचा छोटा ठेका, राहणार केशोरी, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र आज मंगळवारी दुपारी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. अंगात ताप नाही, दारू मी घेत नाही, आणि शेजारी बसून कोणी सांगत नाही. या वयात मृत्युपत्र कशाला, असे वाचणारा विचारेल. उद्या सकाळी सात वाजता मला गीताबाई कापगते यांच्या टोल्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरच्या घरात, मीच टाकलेल्या स्लॅबखाली जायचे आहे. तो स्लॅब टिकेल की नाही, हे मला माहीत नाही.

कलम १. घर. वडिलांकडून माझ्या वाट्याला आलेल्या दोन खोल्या व मागचे आंगण माझी पत्नी राखी हिला मिळावे. आईने हयातभर पुढच्या खोलीत राहावे, तिला कोणी उठवू नये. मोठा भाऊ वीरेंद्र याचा वाटा त्याला आधीच मिळाला आहे. मिक्सर मशीनच्या कर्जासाठी जामीन मागितला तेव्हा तो आईसमोर म्हणाला, "तुझा धंदा कागदावर हाय का? मी कायले सही करू?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. तरी मी ते विसरलेलो नाही, म्हणून या दोन खोल्यांत त्याने खिळाही ठोकू नये.

कलम २. बचत. खात्यात एकवीस हजार चारशे रुपये आहेत. त्यातून सर्वांत आधी मजुरांची चार दिवसांची मजुरी द्यावी. नावे निळ्या वहीच्या शेवटच्या पानावर आहेत. त्यातला एकही पैसा सिमेंटवाल्याला आधी देऊ नये, तो दारात येऊन बसला तरी. त्यानंतर कलम ५ चा खर्च करावा. उरेल ते राखीचे.

कलम ३. अवजारे. दोन थाप्या, लेव्हलची नळी आणि घमेली राखीने विकावी. ओळंबा विकू नये. तो मला काम शिकवणारे सुखराम मेश्राम मिस्त्री यांचा आहे. आठ वर्षांपूर्वी त्यांनी वापरायला दिला होता, तो परत करावा.

कलम ४. हे का घडले. गीताबाईंच्या घराची परवानगी दोन खोल्यांची होती. मग मागे एक हॉल वाढवायचे ठरले. वाढीव नकाशा आम्ही गावच्या कचेरीत दिला. तिथला माणूस म्हणाला, "चालू करा ना. कागद निघूनच राहिला." त्या तोंडी शब्दावर मी हॉलच्या भिंती उभ्या केल्या. बँकेचा साहेब पाहायला आला, हॉल कागदात नाही म्हणाला, आणि गीताबाईंच्या घरकर्जाचा पुढचा हप्ता थांबला. गीताबाईंचा यात दोष नाही. कागद हातात येईपर्यंत थांबायचे काम माझे होते. थांबलो असतो तर मजूर दुसरीकडे गेले असते.

मग कोहमाऱ्याचे सिमेंटवाले चुन्नीलाल सेठ यांच्याकडून उधारीवर माल घेतला. १८ फेब्रुवारीला स्लॅब होता. साठ पोत्यांपैकी अडतीस सकाळी आली. बाकी बावीस दुपारपर्यंत येणार होती. एक वाजता फोन केला तर सेठ म्हणाले, "आ रही है भाई, गाडी निकल गई." अडतीस पोती संपली तेव्हा काँक्रीट स्वयंपाकाच्या बाजूच्या भिंतीपासून तीन फुटांवर आले होते. सुखराम काका वरच होते. ते म्हणाले, "लोकेश, फळी लाव आन् सरळ तोड. उतार सोडू नोको."

मी म्हणालो, "गाडी येऊन राहिली काका. अर्ध्या तासात पुढे ओढू."

"आली गाडी? दिसते का तुले?"

"येते ना."

मी फळी लावून काँक्रीटची कड सरळ उभी थांबवली नाही. उतार तसाच सोडला. चार वाजता सेठचा फोन आला, "पहले पिछला क्लियर करो, फिर गाडी छोडता हूँ." म्हणजे गाडी निघालीच नव्हती. राखीचे कानातले गहाण ठेवून मी पैसे भरले आणि माल दुसऱ्या दिवशी नऊ वाजता आला. तोवर उतारावरचे काँक्रीट कडक झाले होते. वर सिमेंटचा घोळ ओतून उरलेला स्लॅब ओढला, पण जुने-नवे जिथे भेटते तो जोड कच्चा राहिला. वरून प्लास्टर सारखे केले. कोणाला दिसत नाही.

सेठला शिव्या लिहिणार नाही. फळी त्याने लावायची नव्हती.

कलम ५. मी जगलो किंवा मेलो, त्या जोडाखाली दोन पिलर उभे करून बीम टाकावा, खर्च माझा. ही गोष्ट मी एकवीस दिवस गीताबाईंना सांगितली नाही. त्यांची चूल बरोबर तिथेच येणार आहे.

कलम ६. स्लॅबला खालून टेकू दिलेल्या बल्ल्या आणि प्लेटा भाड्याच्या आहेत, मालक टेकचंद. आज एकवीस दिवस झाले. त्याला दुसरीकडे काम आहे. काल म्हणाला, "उद्या-परवा गाडी आणतो. तू नाही काढलं तं माझे पोरं काढतील." त्या पोरांना जोड माहीत नाही. सुखराम काकांच्या हाताखाली शिकलेल्यांचा रिवाज आहे की ज्याने स्लॅब टाकला त्यानेच पहिली बल्ली काढायची, बाकी सगळे बाहेर. म्हणून मी जाणार. काही झाल्यास टेकचंद, त्याची पोरे, मजूर यांच्यावर कोणी तक्रार करू नये.

पुरवणी, त्याच दिवशी, संध्याकाळी पाच वाजता.

साक्षीसाठी हा कागद मी गीताबाईंकडेच नेला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. मग म्हणाल्या, "कुठं हाय तो जोड? दाखव." मी दाखवला. त्या बरोबर त्याच्या खाली जाऊन उभ्या राहिल्या आणि वर पाहत राहिल्या.

"मावशी, बाहेर या."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही काम काढून घेतलं असतं."

"घेतलंच असतं." नंतर म्हणाल्या, "चूल माझी, घर माझं, आन् मरायले तू एकटा चालला?" जोडाखालच्या बल्ल्या त्यांनी मोजल्या. सहा भरल्या. "टेकचंदले सांग, या सहा गीताबाईनं ठेवून घेतल्या. पाहिजे असतील तं माझ्याशी येऊन बोल."

कलम ७. म्हणून असे ठरले की बीम होईपर्यंत जोडाखालच्या सहा बल्ल्या कोणीही हलवू नये. त्यांचे भाडे मी देईन, मी नसल्यास कलम २ मधून द्यावे. बाकीच्या बल्ल्या उद्या सकाळी सातला निघतील. हॉलचा मधला भाग पेलतो की नाही, ते तेव्हाच कळेल. पहिली मी काढीन.

वरील सर्व मी वाचून, समजून, खाडाखोड न करता लिहिले आहे.

सही: लोकेश योगराज पुस्तोडे
ठिकाण: केशोरी
दिनांक: ११ मार्च २०२५

साक्षीदार १: गीताबाई कापगते. कागद वाचला, जोड पाहिला, मग सही केली.

साक्षीदार २: सुखराम मेश्राम, मिस्त्री. लोकेशने सही माझ्यासमोर केली. ओळंबा अजून त्याच्याजवळच राहू द्यावा. पहिली बल्ली तो काढील, दुसरी मी.