'कोकरू कंपनी'ला धडा

२१ एप्रिल २०२४, रविवार, दुपारी १.४०

आजपासून युद्ध. 'कोकरू कंपनी'चा नववा भाग आला आणि तनुजा मॅडमनी घात केला. (यूट्यूबवरचं मेंढरांचं कार्टून. त्याच बनवतात, सिडकोत बसून. मी भाच्यांसाठी बघतो, असं ऑफिसात सांगितलंय. भाचे पुण्याला असतात.)

आठ भाग मी एकट्याने उचलून धरले. फॅन ग्रुप मी काढला. ४,३१२ मेंबर मी जमवले. बुंदी कोकराचा वाढदिवससुद्धा मीच ठरवला. आणि नवव्या भागात काय? दुष्काळात कळप पाण्याकडे निघालाय, वाटेत तारेचं कुंपण. कुंपणाआड गॉगलवाला एजंट, हातात ब्रोशर. बुंदीला म्हणतो, इथे चरायचं असेल तर आधी बुकिंग करा.

मी सावंगी बायपासला प्लॉट विकतो. गॉगल घालतो. उन्हासाठी.

आप्पा एवढे हसले की ठसका लागला. दिपालीने, म्हणजे बायकोने, पाणी दिलं, पण हसत हसत. आप्पा, म्हणजे माझे वडील सोनाजी, चाळीस वर्षं मेंढरांमागे चालले. त्यांनी माझ्या बाजूने उभं राहायला हवं होतं.

२२ एप्रिल, सोमवार

एजंटबद्दल जाहीर बोलता येत नाही. लोक म्हणतील, तुम्हालाच का झोंबलं? तात्त्विक मुद्दा हवा.

दुपारी डबा खाताना सापडला. हाक! कार्टूनमधला म्हातारा मेंढपाळ कळपाला जी हाक मारतो, ती साफ नकली आहे. मी मेंढपाळाचा मुलगा. मला नाही कळणार तर कुणाला? मी लहानपणापासून होस्टेलला होतो हे खरं, पण या गोष्टी रक्तात असतात.

खात्रीसाठी आप्पांना विचारलं. म्हणाले, ज्याची त्याची हाक असती. म्हणजे नकली नाही, असं ते म्हणाले नाहीत. पाठिंबा समजून पोस्ट टाकली. संध्याकाळपर्यंत २१२ रागाचे लाल चेहरे.

२५ एप्रिल, गुरुवार

मोहीम जोरात. 'नकली हाक बंद करा.' डिसलाइक ६४० (यूट्यूब आकडा दाखवत नाही, ग्रुपवर हजेरी घेतली). त्यातले अकरा माझे, वेगवेगळ्या अकाउंटवरून.

आज नळाचा दिवस होता, नवव्या दिवशी पाणी आलं. मी ड्रमजवळ उभा होतो, पण एका मेंबरला उत्तर देणं तातडीचं होतं. पाइप बाहेर पडला तो दिसला नाही. दिपाली जे बोलली ते इथे लिहीत नाही. आता टँकरवाल्याच्या पाया पडणं आलं. तनुजा मॅडमच्या खात्यावर हेही मांडून ठेवलंय.

२८ एप्रिल, रविवार

मॅडमचं उत्तर आलं. नम्र. हे लोक नम्रपणाच हत्यारासारखा वापरतात. म्हणे, हाक सोयगावकडच्या एका मेंढपाळाची आहे, प्रत्यक्ष त्यांच्याकडे जाऊन रेकॉर्ड केली. मी लगेच लिहिलं, नाव सांगा. त्यांनी लिहिलं, त्यांना विचारून सांगते, ते रानात असतात, फोन लागत नाही.

सापडल्या! स्क्रीनशॉट घेतला. ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'फोन न लागणारा मेंढपाळ.' लई हसले सगळे.

६ मे, सोमवार

विजय! त्यांच्या स्पॉन्सर डेअरीला ग्रुपमधून तीनशेवर मेल गेले. डेअरीने वाद मिटेपर्यंत हात आखडता घेतला आणि दहावा भाग लांबणीवर पडला. बुंदी आता किती दिवस तशीच तारेपाशी अडकून राहणार, देव जाणे. त्याला मी जबाबदार नाही.

काल भागाचा रविवार होता, पंधरा दिवसांनी येतो तो. आप्पा नेहमीप्रमाणे आंघोळ करून अकरा वाजता माझ्या फोनसमोर येऊन बसले होते. आज लागंना का रं, म्हणाले. मी म्हणालो, टेक्निकल प्रॉब्लेम. ते आणखी थोडा वेळ बसले. मग उठून गॅलरीत गेले. थोडं वाईट वाटलं. पण लढाईत हे व्हायचंच.

१२ मे, रविवार

ग्रुपमध्ये लीलाबाई म्हणून एक मेंबर आहेत, लासूर स्टेशनच्या. त्यांनी सर्वांसमक्ष विचारलं, सर, मग खरी हाक कशी असते ती तुम्हीच ऐकवा की. खाली १८७ अंगठे.

ठीक आहे. ऐकवतो. खऱ्या मेंढरांसमोर, लाइव्ह. पुढचा रविवार जाहीर केला.

सराव बाथरूममध्ये केला. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी वर येऊन दिपालीला विचारलं, साहेबांना काही होतंय का? आता सराव गाडीत, काचा वर करून.

१९ मे, रविवार, सकाळी १०.१५

हर्सूल तलावावरून लिहितोय. तलाव पार आटलाय, पण मधल्या ओलीवर थोडं हिरवं आहे. कळप मिळाला. दीडशे मेंढरं. मालक पुंजाराम. चाऱ्यासाठी सोयगावकडून खाली उतरलाय. सोयगाव ऐकून क्षणभर काहीतरी वाटलं, पण तालुका केवढा मोठा आहे. त्याला फ्रेमच्या बाहेर उभं केलं. ऑफिसातल्या साहेबरावाच्या हातात फोन दिला आणि बजावलं, काहीही झालं तरी लाइव्ह बंद करायचं नाही.

त्याच दिवशी, दुपारी ३

१,१८७ लोक बघत होते. पहिली हाक मारली. मेंढरं चरत राहिली. दुसरी मारली. एका एडक्याने मान वर केली, माझ्याकडे बघून मुतला आणि पुन्हा चरायला लागला. तिसऱ्या हाकेला मला खोकला आला.

तेव्हा मी प्रेक्षकांना म्हणालो, आता फरक बघा, ही नकली हाक. आणि दुसऱ्या फोनवर नववा भाग लावला, स्पीकर जोडून.

दीडशे मेंढरं एकदम आली. पळत. माझ्या अंगावर. गुडघा सोलला, गॉगल कुठे गेला कळलं नाही. पुंजाराम फ्रेममध्ये येऊन मला उठवत होता आणि हसत होता. म्हणाला, व्हय सायेब, ही तं माझीच हाक हाय की. दिवाळीत एक ताई आल्त्या, दोन दिवस आमच्या मेंढरांच्या वाड्यावर राह्यल्या, त्येंनी भरून नेली. तुम्हाला कुठं घावली?

साहेबरावाने लाइव्ह बंद केलं नाही. मी तसंच सांगितलं होतं.

२० मे, सोमवार

वाऱ्याची दिशा उलटी होती, असं सविस्तर लिहून ग्रुपवर टाकलं. दहा मिनिटांत बाकीच्या ॲडमिननी मला ॲडमिनपदावरून काढलं. लीलाबाई नव्या ॲडमिन. मग ग्रुपमधूनच काढलं. माझ्याच.

तनुजा मॅडम माझी टर उडवतील, मग पुन्हा पेटवता येईल, या आशेवर होतो. त्यांनी फक्त 'पुंजाराम मामांना नमस्कार' एवढंच लिहिलं आणि मला ब्लॉक केलं. माझा उल्लेखसुद्धा नाही. याला सूड म्हणतात. मला हा प्रकार जमला नाही.

२६ मे, रविवार

आप्पा म्हणाले, मला त्या पुंजारामाकडं ने. गुडघा दुखत होता तरी नेलं. दोघं तंबाखू मळत बसले. पाऊस, चारा, कुठल्या वाटेला आता प्लॉट पडले, कुठून जाता येत नाही, असलं बोलले. मी गाडीजवळच थांबलो.

मग आप्पा उठले आणि त्यांनी हाक मारली. अकरा वर्षांत ऐकली नव्हती. माझ्या हाकेसारखी ती अजिबात नव्हती. कार्टूनमधल्यासारखीही नव्हती.

एकाही मेंढराने मान वर केली नाही.

मी म्हणालो, वारा उलटा आहे आप्पा. ते म्हणाले, वारा नाय रं रामा. ह्यांनी माझी हाक कदी ऐकलीच नाय. माझी वळखणारी समदी लासूरच्या बाजारात गेली, तुला नोकरी लागली तवा. रागावून नाही बोलले. हवामान सांगावं तसं बोलले.

परत येताना गाडीत म्हणाले, त्या पोरीला सांग, माझीबी हाक भरून घे म्हणावं. मी इसरायच्या आत.

मॅडमना माझ्या फोनवरून मेसेज जात नाही. दिपालीचा फोन मागितला. तिने काही न विचारता दिला. चारदा लिहिलं. आधी 'फॅन ग्रुपचे संस्थापक' असं होतं, ते काढलं. वाऱ्याबद्दल दोन ओळी होत्या, त्या काढल्या. शेवटी गेलं ते एवढंच: नमस्कार मॅडम. मी रामेश्वर. तोच. माझ्या वडिलांची हाक रेकॉर्ड करून घ्याल का?