निखारा, बार्बेक्यू आणि पान त्रेसष्ट

प्रिय धाकट्या,

तुझ्या पुस्तकाची टाइप केलेली प्रत आणि सोबतची चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीत तू लिहिले आहेस, "ताई, तू अभ्यासू बाई, दोन पानं प्रस्तावना टाक. आणि युक्तिवादात कुठे भोक असेल तर आत्ताच दाखव, छापल्यावर नको." अठ्ठावीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवलेल्या बाईला अशी परवानगी देणे धाडसाचे आहे. मी ती अक्षरशः घेतली. सर्व एकशे चाळीस पाने वाचली, काही दोनदा वाचली, आणि एक पान किती वेळा वाचले ते मोजले नाही.

आधी पुस्तकाविषयी. लाकडाच्या निखाऱ्यावर भाजणे आणि बाजारातल्या बार्बेक्यूवर भाजणे यांची तुलना करायची, हा विषय चांगला आहे, आणि तो तुझ्यावाचून दुसऱ्या कोणी लिहावा असेही मला वाटत नाही; कारण दोन्ही बाजूंनी कमावलेला माणूस आपल्या घराण्यात तू एकटाच. परंतु तुझ्या पहिल्याच प्रकरणात दोष आहे. तू उत्तम निखारा घेतलास आणि त्याच्यासमोर वाईटातला वाईट बार्बेक्यू उभा केलास: गंजलेला, राखेने बुजलेला, कोळशावर पेटवायचे तेल ओतलेला. पैलवानासमोर आजारी माणूस उभा करून कुस्ती जिंकण्यासारखे हे झाले. नीट ठेवलेला, झाकणाचा, हवेच्या खिडक्या हाताने सांभाळता येणारा बार्बेक्यू समोर घे आणि मग बोल. तो अर्ध्या तासात तयार होतो, उष्णता दोन तास एकसारखी देतो, आणि नवख्या माणसालाही फसवत नाही. हे त्याचे गुण मान्य करूनसुद्धा निखारा वरचढ ठरत असेल, तरच तो वरचढ.

दुसरा दोष अधिक गंभीर. निखाऱ्यावरच्या पदार्थाला "लाकडाच्या धुराची चव" येते, असे तू सात ठिकाणी म्हटले आहेस. बाबांनी हे ऐकले असते तर निखारे ओढायचे दाताळे हातातून खाली ठेवले असते. आपल्या खाणावळीच्या अंगणातल्या त्या लांब भट्टीत लाकूड बाजूच्या लोखंडी टोपलीत जळायचे. त्याची ज्वाळा आणि धूर तिथेच संपायचा. टोपलीच्या गजांतून खाली पडलेला लाल निखारा दाताळ्याने पुढे ओढायचा, पातळ पसरायचा, आणि मग चाक फिरवून जाळी खाली आणायची. निखाऱ्याला धूर जवळजवळ नसतोच. चव येते ती थेंबाथेंबाने गळणारी चरबी निखाऱ्यावर पडून उठणाऱ्या वाफेची, आणि त्या कोरड्या, सरळ उष्णतेची. बार्बेक्यूत आग एकदा लावून माणूस पाहुण्यांत जाऊन बसू शकतो. निखाऱ्यापाशी मात्र उभेच राहावे लागते, दर दहा मिनिटांनी नवा निखारा ओढावा लागतो, तळहात जाळीवर धरून आकडे मोजावे लागतात. चार मोजेपर्यंत हात टिकला तर मांस, आठपर्यंत टिकला तर भाज्या. खरा फरक हा आहे. तू तो लिहिला नाहीस, कारण तू तो फारसा जगला नाहीस. मी जगले. चोविसाव्या वर्षापर्यंत मी त्या दाताळ्याला हात घातला नाही असा एक दिवस गेला नाही, आणि बाबांनी चार माणसांत सांगून टाकले होते, "भट्टी थोरलीची. धाकट्यानं गल्ला बघावा, गोड बोलावं, तेवढं त्याला जमतं." तू तेव्हा हसला होतास. मलाही वाटले होते की तू मनापासून हसलास.

आता जे घडले ते क्रमाने लिहिते, कारण छत्तीस वर्षांत ते क्रमाने कोणीच मांडलेले नाही. सोमवार आपला सुट्टीचा दिवस. रविवारी दुपारची गिऱ्हाइके गेल्यावर मी भट्टी साफ केली, उरलेले निखारे शेडजवळच्या लोखंडी पिंपात भरले, त्यावर दोन बादल्या पाणी ओतले आणि झाकण ठेवून वर दगड ठेवला. हे मी रोज करत असे. सोमवारी आई, बाबा आणि मी मामाकडे गेलो होतो. तू घरी होतास, डोके दुखते म्हणून. मंगळवारी पहाटे लाकडांची शेड पेटली. बाबा आत शिरले ते लाकूड वाचवायला, आणि बाहेर आले ते उजवा हात गमावून. हात जागेवर होता, पण बोटे पुन्हा कधी मिटली नाहीत. भट्टी आठ महिने बंद होती. तिसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यांसमोर आईने विचारले की पिंपाचे झाकण कोणी पाहिले होते का, आणि तू म्हणालास, "मी पाहिलं. उघडं होतं. ताई विसरली असेल."

सात शब्द. एवढ्यावर माझ्या डोक्यावर खापर फुटले. मी तीन दिवस बोलत होते. पाणी ओतले होते म्हणाले, दगड अजून तिथेच आहे म्हणाले, भिजलेला निखारा पस्तीस-छत्तीस तासांनी जागा कसा होईल असे विचारले. आई म्हणाली, "तोंड चालवू नकोस, तुझ्या बापाचा हात गेलाय." युक्तिवादाला याहून बळकट उत्तर मी आजवर ऐकलेले नाही. त्यानंतर त्या भट्टीपाशी मला कोणी उभे केले नाही. दाताळे तुझ्या हातात आले, आणि दोन वर्षांच्या आत तू भट्टी पाडून तिथे गॅसचे आणि कोळशाचे सहा बार्बेक्यू मांडलेस, कारण "हे सोपं पडतं, ताई". मी शिकायला गेले. घरात कुठलाही समारंभ असो, मामा ठरलेला विनोद करणार: "अरे, मास्तरीणबाईंच्या हाती काडेपेटी देऊ नका रे!" मामा गेले, त्यांचा मुलगा आता तोच विनोद करतो. तू दर वेळी हसतोस. थोडे उशिरा हसतोस, हे मी पाहिलेले आहे. पण उशिरा का असेना, हसतोस.

तर्कशास्त्राच्या वर्गात दर वर्षी पहिल्या आठवड्यात मी एकच उदाहरण शिकवत असे. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे, असे म्हणता येते. उलटे म्हणता येत नाही. अग्नी असेल तिथे धूर असलाच पाहिजे असे नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धुराचा मागमूस नसतो. मुले वहीत उतरवून घेत. फळ्याकडे तोंड करून उभी असताना मला दर वर्षी एकच गोष्ट आठवत असे: आपल्या शेडपाशी धुराशिवायचा कुठला अग्नी होता? अठ्ठावीस वर्षे मी तो शोधत होते. तो तू मला टाइप करून पाठवलास.

पान त्रेसष्ट. प्रकरणाचे नाव "बार्बेक्यूचे धोके". तुझेच शब्द देते. "लाकडाचा निखारा मेला की काठीने भुगा होतो, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. दाबून बनवलेल्या कोळशाच्या वड्यांचे तसे नाही. बाहेरून पांढऱ्या, गार दिसतात, धूर नसतो, आणि पोटात आग धरून असतात. मी एकोणीस वर्षांचा असताना मित्राच्या बार्बेक्यूवर पहिला प्रयोग केला आणि संध्याकाळी ती राख भुशाच्या पिंपात टाकली. दुसऱ्या दिवशी पहाटे पिंप पेटलेले. तेव्हापासून वड्यांच्या राखेवर मी विश्वास ठेवत नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुला एक जिवंत उदाहरण हवे होते. लेखकाला ते नेहमीच हवे असते, आणि हाताशी होते ते तू वापरलेस. छत्तीस वर्षे उलटल्यावर ते तुला एखाद्या परक्या पोराचे वाटू लागले असावे. परंतु आपल्याकडे भुशाचे पिंप एकच होते, धाकट्या. ते शेडच्या दाराशी असायचे. आणि ते एकदाच पेटले. तुझी चूक मी समजू शकते. निखाऱ्याच्या घरात वाढलेल्या पोरानेच ती करावी: राखेला काठी लावली, धूर नाही असे पाहिले, बाबा यायच्या आत सगळे आवरायचे म्हणून घाई केली. शहरातल्या एखाद्या अडाण्याने भीतीपोटी त्यावर पाणी तरी ओतले असते. चूक माफीच्या लायकीची होती. तिसऱ्या दिवशीचे ते वाक्य चूक नव्हते. झाकण उघडे होते असे तू म्हणालास, तेव्हा माझा दगड त्यावर तसाच होता, आणि तुला तो दिसत होता.

आता घडलेली दुसरी गोष्ट. आई चार वर्षांपासून माझ्याकडे आहे, तिला अक्षर दिसत नाही, दुपारी मी तिला वाचून दाखवते, हे तुला ठाऊक आहे. तुझी प्रत आल्याचे कळताच ती म्हणाली, "माझ्या लेकाचं पुस्तक. वाच, आणि गाळू नकोस काही." मी गाळले नाही. पहिल्या पानापासून सुरुवात केली, रोज दहा पाने. आवाज कुठे चढवला नाही, कुठे थांबले नाही. सातव्या दिवशी त्रेसष्टावे पान आले आणि मी तेही वाचले. तिने हात वर केला. "परत वाच." मी परत वाचले. तिने भिंतीकडे तोंड केले, आणि ती म्हणाली, "तू तेव्हा बोलली का नाहीस?" मी म्हणाले, तीन दिवस बोलत होते. ती म्हणाली, "असेल. मला आठवत नाही."

खरे सांगते, या क्षणाची मी किती वर्षे वाट पाहिली होती. तिच्या तोंडून काय ऐकायचे आहे, ते शब्दसुद्धा मी ठरवून ठेवले होते. तिने माझा हात चाचपून हातात घेतला, तेव्हा ते शब्द आता येतील असे मला वाटले. ती म्हणाली, "इतकी वर्षं कुणाला सांगता आलं नसेल गं त्या पोराला. एकट्यानं वागवलंय." आणि मग डोळे पुसून, अगदी व्यवहारी आवाजात: "त्याला कळू देऊ नकोस मला समजलंय म्हणून. पुस्तकाच्या आनंदात आहे तो. तुला माझी शपथ."

प्रस्तावना सोबत जोडली आहे. ती चांगली झाली आहे. धुराविषयीची सात वाक्ये मी दुरुस्त करून दिली आहेत, आणि त्रेसष्टाव्या पानाला हात लावलेला नाही. ते तसेच छापावे, अशी माझी शिफारस आहे. वाचकांच्या उपयोगाचे आहे. प्रस्तावनेत आपल्या घराविषयी एक अक्षर नाही. बाहेरच्या जगापुढे तुला उभे करण्याची मला गरज नाही.

हे पत्र मी तुला क्षमा मागायला लावण्यासाठी लिहिलेले नाही. शपथ घालणे आईच्या हातात होते, घेणे माझ्या. मी "बघू" म्हणाले होते. पुस्तक छापून झाले की एका रविवारी तू पहिली प्रत घेऊन येशील. आई वेष्टनावरून हात फिरवेल आणि म्हणेल, "छान झालंय हो, बाळा." तिच्या आवाजात तसूभर फरक पडणार नाही, ते तिला जमते. तिने तुला न सांगता माफ केले आहे, आणि ती माफी तुला कळू नये एवढीच तिची इच्छा होती. तुला ती नकळत, सुखाने मिळाली असती. मला ते मान्य नाही. आता तू तिच्यापुढे कबूल केलेस, तर म्हातारीने जपलेली एकमेव गोष्ट तिच्या तोंडावर मोडशील. गप्प राहिलास, तर ती जाईपर्यंत तिचा प्रत्येक "बाळा" तुला ऐकून घ्यावा लागेल, आणि तो ऐकताना तिला ठाऊक आहे हे तुला ठाऊक असेल. आमच्या शास्त्रात याला उभयतःपाश म्हणतात, दोन्ही टोकांना फास. मी तो बराच वेळ तपासून पाहिला. त्यात भोक नाही. चार वाजता ये, ती तेव्हा जागी असते.

छत्तीस वर्षांनंतरही तुझीच,
ताई