वयाचा रकाना

मेट्रनबाई, आज तुमची आठवण येते आहे ती तुमच्या कडक शिस्तीमुळे नाही, तुमच्या स्वयंपाकघरामुळे. दवाखान्यामागच्या क्वार्टरमधलं ते काजळी धरलेलं लहानसं स्वयंपाकघर, स्टोव्हचा आवाज, परातीत ज्वारीचं पीठ, आणि मी दाराशी उभी राहून रडते आहे. नुकतीच नोकरीला लागलेली, बाविशीची. त्या दिवशी कोलामांच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, एका मुलीची आई येऊन गेली होती.

ती मुलगी चार महिन्यांपूर्वी माझ्याच खिडकीशी आली होती. बाजाराचा दिवस, रांग पार गेटापर्यंत. केसपेपर लिहायला तुम्ही मला बसवत होता, कारण कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी घोटून घेतलेलं माझं अक्षर तुम्हाला आवडायचं. मुलीसोबत एक बाई होती, मोठं कुंकू लावलेली, गोड बोलणारी. "तिले मराठी येत नाही जी सिस्टर, मीच सांगतो. भाची होय माही. एकोनीसावं चालू हाय." मुलीच्या हातात कोपरापर्यंत नवा हिरवा चुडा. थर्मामीटरसाठी तोंड उघड म्हटलं तर आधी तिनं त्या बाईकडे पाहिलं. मी ते बघितलं होतं, मेट्रनबाई. आणि तरी वयाच्या रकान्यात सुरेख एकोणीस लिहून पुढचा नंबर पुकारला. कोलामी बोलणारी आया दहा पावलांवर पट्ट्या गुंडाळत बसली होती. तिला हाक मारणं माझ्या मनातही आलं नाही.

पुढे मुलीला शोधत आई ठाण्यात गेली तेव्हा तिला तोच केसपेपर दाखवला गेला, त्या बाईनं आधीच तिथे नेऊन दिलेला. सज्ञान आहे, लग्न करून मर्जीनं दूर गेली, असं सांगून परत पाठवलं. दवाखान्यात येऊन ती माझ्यासमोर उभी राहिली, हातानं मुलीची उंची दाखवत. "चवदा पोळे झाले तिले," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. वर्षं तिला मोजता येत नव्हती, पोळे येत होते.

संध्याकाळी तुम्ही मला घरी बोलावलं. भाकरी थापता थापता विचारलंत, "तू वय कोनाचं लिवलं? पोरीचं, का त्या बाईच्या तोंडचं?" मग भाकरी तव्यावर टाकलीत. "तुहं अक्षर असं हाय पोरी, त्यात लिवलेलं खोटंही खरं दिसते." त्यानंतर मला जे रडू फुटलं! तुम्ही ताटात भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली, समोर सरकवली. "खाय आता. तुह्या रडन्यानं ते वापस येनार नाही." ती आलीच नाही. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही ड्रेसिंगच्या खोलीत पेशंटखेरीज कुणाला पाऊल टाकू दिलं नाही, मग तो नवरा असो की सरपंच. लोक तुम्हाला खडूस म्हणायचे. मीही कधीतरी म्हटलं असेल.

आता मीच इनचार्ज आहे, निवृत्तीला दहा महिने उरलेत. गेल्या गुरुवारी एक बाई मुलीला घेऊन आली. मुलीला ताप, मनगटावर जुने वळ आणि त्यांच्यावर एक ताजा. "माही सून होय जी. मारेगावची." मी मुलीला गाव विचारलं. तिनं बाईकडे पाहिलं आणि पाठ केलेला धडा म्हणावा तसं "मारेगाव" म्हणाली. तिथला बाजार कोणत्या वारी भरतो, हे मात्र तिला सांगता येईना. तिचं आधार कार्ड बाईच्या पर्समध्ये. "कायले एवढं विचारून राह्यल्या जी? तापाच्या गोया द्या, गाडी उभी हाय आमची." अशा वेळी आवाज चढवला तर ती मुलीचा हात धरून निघून जाते, हे मी तुमच्याकडूनच शिकले. म्हणून हसले. म्हटलं, वजन आणि ड्रेसिंग करायचं आहे, तोवर तुम्ही रांगेत लागून कागदावर शिक्का घेऊन या. "तुमच्या दवाखान्यात बिमारीपेक्षा लाईनच लंबी," ती म्हणाली. मीही तिच्यासोबत हसले आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मुलगी गोंडी बोलत होती. आमच्या आत्ताच्या आयाला गोंडी येते, तिला बोलावलं. तुला विकलं का, असं मी विचारलं नाही. विचारलं, जेवतेस कुठे, झोपतेस कुठे, रात्री दाराची कडी आतून लावतात की बाहेरून. पंख्याकडे बघत ती म्हणाली, बाहेरून. सातवीची परीक्षा द्यायची राहिली, हेही तिनंच सांगितलं. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत उतरवलं. वयाचा रकाना मोकळा ठेवला. मदतीला माणसं बोलावू का, असं विचारल्यावर तिनं पलंगाची दांडी घट्ट धरली आणि हो म्हणून मान हलवली. डॉक्टर पोरगेलासा आहे, पण ऐकून घेतो. रक्त तपासायचं आहे, आज सुट्टी मिळणार नाही, असं त्यानंच बाहेर त्या बाईला सांगितलं. दुपारी बालकल्याण समितीची माणसं येऊन तिला यवतमाळच्या बालगृहात घेऊन गेली. बाई रांगेतून केव्हा निघून गेली, कुणालाच कळलं नाही.

शनिवारी ती बाई परत आली, सोबत एक माणूस. तो बोलला नाही, भिंतीवरची ड्युटीची यादी वाचत राहिला. "आमची सून कोनत्या सिस्टरनं ठेवून घेतली जी? नाव तं सांगा, पेढे द्यायचे हायत." मी रजिस्टर चाळत राहिले. आयाच म्हणाली, "इथं समद्या सिस्टरायले शुगर हाय. पेढे तुम्हीच खा." ती गोड हसली आणि गेली. तेव्हापासून समोरच्या चहाच्या टपरीशी एक पांढरी गाडी उभी असते. माझी ड्युटी सुटली की तिची काच खाली होते.

त्यांनी समितीपुढे कुठल्याशा दवाखान्याचा कागद दिला आहे. त्यावर मुलीचं वय वीस. उद्या सुनावणी आहे. मुलगी त्यांच्यासमोर बोलेल की पुन्हा मारेगाव मारेगाव करेल, कोण जाणे. ती दाराआड काय बोलली, ते नावानिशी उभं राहून मला सांगायचं आहे. नाही सांगितलं, तर तो कागद तिला परत घेऊन जाईल. आमच्या नव्या पोरी म्हणतात, "मॅडम, दहा महिने राह्यले तुमचे, काहून पडता यात?" मी त्यांना रागावले. तुमच्यासारखं रागावता आलं नाही.

तुम्ही जाऊन कैक वर्षं झाली, हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. काल दुपारी मी उद्याच्या रजेचा अर्ज लिहिला होता. कारण, प्रकृती अस्वास्थ्य. खाली सहीसुद्धा केली होती. आज तो द्यायला निघाले आणि निघता निघता त्याच्याच कोऱ्या पाठीवर 'मेट्रनबाई' लिहिलं, मग थांबता आलं नाही. दोन्ही बाजू भरल्या, समासही भरले. आता हा अर्ज कुणाला देता यायचा नाही.